एकल तबल्याचा श्रोता

एकल तबलावादकाची कारकीर्द गुरू घडवतो की दरबार, या वादात तिकीट काढून येणारा श्रोता हमखास विसरला जातो. महाराष्ट्रात हा श्रोता मोठ्या प्रमाणावर तयार केला तो संगीत नाटकाने. १९१३मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे अहमदजान थिरकवा साथीला आले. गुरू मुनीर खाँ यांच्याकडची घराणेदार विद्या त्यामुळे मैफलीची पायरी कधी न चढलेल्यांच्या कानी पडली. रेल्वेने नाटक मंडळ्यांचे दौरे सोपे केले. भुसावळ–नागपूर लोहमार्गावरच्या बोदवडकरालाही मोठ्या गावातला खेळ आवाक्यात आला.

यावर आक्षेप असा, की नाटकातला तबला साथीचाच. स्वतंत्र वादनाला आश्रय संस्थानांचा, आणि थिरकवाही पुढे रामपूर दरबारी गेलेच. यात तथ्य आहे. पण केवळ आश्रयावर जगणारी कला आश्रयदात्याबरोबर संपली असती. संस्थाने गेली, तरी पेशकार, कायदा, रेला, गत असे फुलत जाणारे वादन टिकले. थिरकवांना १९७०मध्ये पद्मभूषण मिळाले. पंढरीनाथ नागेशकरांचे शिष्य सुरेश तळवलकर (पद्मश्री, २०१३) यांनी तेच वादन आजच्या रसिकांपुढे नेटाने मांडले. लेहरा धरून सम ओळखणारा कान राजाज्ञेने घडत नाही, ऐकूनच घडतो. म्हणून बोदवडच्या गणेश मंडळांनी यंदा एक संध्याकाळ एकल तबल्यासाठी राखून ठेवावी.