मठाच्या दारातील स्त्री : बेनेडिक्टाईन प्रवेशविधीचा इतिहास आणि जन्मश्रेष्ठतेचा प्रश्न

धर्मसंघाचे तत्त्वज्ञान कितीही उदात्त असले तरी त्याची परीक्षा त्याच्या दारात होते. दारात कोणाला थांबविले जाते, कोणाला विनाविलंब आत घेतले जाते, आत येणाऱ्याने काय बाहेर ठेवावे अशी अपेक्षा असते आणि प्रत्यक्षात तो काय बरोबर घेऊन येतो, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या संघाची समाजाविषयीची खरी भूमिका उघड होते. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती धर्मातील बेनेडिक्टाईन भगिनी-मठांचा या एकाच अंगाने विचार करावयाचा आहे.

आपल्याकडे कॉन्व्हेंट हा शब्द उच्चारला की इंग्रजी माध्यमाची शाळा डोळ्यांपुढे येते. व्रतस्थ स्त्रियांचा निवास हा त्या शब्दाचा मूळचा अर्थ होय. शाळा व रुग्णालये चालविणाऱ्या बहुतेक भगिनी-संस्था अलीकडच्या शतकांतील आहेत. बेनेडिक्टाईन परंपरा त्यांच्याहून कितीतरी जुनी असून सामुदायिक प्रार्थना, ग्रंथवाचन आणि शरीरश्रम या तीन गोष्टींवर तिचा दिनक्रम उभा आहे. या परंपरेत जीवन वाहण्याचा विचार करणारी तरुणी प्रथम मठाला भेट देते, काही दिवस अतिथिगृहात राहते आणि आपले मन तपासून पाहते. ख्रिस्ती परिभाषेत याला पाचारणाची पारख म्हणतात. ईश्वर एखाद्या व्यक्तीला हाक देतो ही कल्पना बौद्ध दृष्टीला मान्य होणारी नाही. परंतु गृहत्याग करण्यापूर्वी स्वतःच्या हेतूची परीक्षा करावी, आणि संघानेही ती करावी, हा विचार विनयाच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

नियमावलीतील दार

नुर्सिया येथील बेनेडिक्ट याचा काळ सुमारे इ. स. ४८० ते ५४७ असा मानला जातो. इटलीतील मोन्ते कासिनो येथे त्याने आपल्या मठासाठी ७३ प्रकरणांची नियमावली रचली. स्कोलास्तिका ही त्याची बहीणही व्रतस्थ जीवन जगत होती, असे पोप ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या चरित्रातून कळते. नियमावली पुरुषांसाठी लिहिली गेली असली तरी पुढे युरोपातील असंख्य स्त्री-मठांनी तीच स्वीकारली.

या नियमावलीत दाराविषयी दोन प्रकरणे आहेत आणि ती एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. ५३व्या प्रकरणानुसार येणाऱ्या प्रत्येक अतिथीचे, तो प्रत्यक्ष ख्रिस्तच आहे अशा भावनेने स्वागत करावयाचे; गरीब व यात्रेकरू यांच्याकडे तर विशेष लक्ष पुरवावयाचे. ५८व्या प्रकरणात मात्र मठात कायम राहू इच्छिणाऱ्याला सहज प्रवेश देऊ नये, असे सांगितले आहे. त्याने चार-पाच दिवस दार ठोठावीत राहावे, कठोर वागणूक सोसावी, मग त्याला काही दिवस अतिथिगृहात ठेवावे आणि त्यानंतर उमेदवारांच्या निवासात पाठवावे. तेथे एक अनुभवी वडीलधारा त्याचे निरीक्षण करतो आणि या मार्गातील सर्व कष्ट त्याला अगोदरच सांगितले जातात. दोन महिन्यांनी संपूर्ण नियमावली त्याला वाचून दाखवावयाची, पुढे सहा महिन्यांनी पुन्हा, आणि आणखी चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी त्याला जाण्याची मोकळीक असते. एकूण १२ महिन्यांनंतर त्याने लेखी प्रतिज्ञा करावयाची आणि ती वेदीवर ठेवावयाची.

म्हणजे जो दोन दिवसांसाठी येतो त्याला दार लगेच उघडते. जो आयुष्यभरासाठी येतो त्याला थांबावे लागते. याच प्रकरणातील आणखी एक तपशील मोठा मार्मिक आहे. प्रतिज्ञेनंतर नव्या भिक्षूची जुनी वस्त्रे उतरवून घ्यावयाची, परंतु ती फेकून द्यावयाची नाहीत. वस्त्रागारात जपून ठेवावयाची. कधीकाळी त्याने मठ सोडला तर तीच त्याला परत मिळावीत, ही त्यामागील योजना होय.

उपाली आणि पहिल्या प्रहराचा नियम

मठात आल्यावर कोणाचे स्थान कोणते, याविषयी ६३व्या प्रकरणाचा नियम असा की प्रत्येकाचा क्रम त्याच्या प्रवेशकाळावरून ठरावा. दिवसाच्या दुसऱ्या प्रहरी आलेल्याने पहिल्या प्रहरी आलेल्यापेक्षा स्वतःला कनिष्ठ समजावे, मग त्याचे वय वा प्रतिष्ठा काहीही असो. गुलामगिरीतून आलेल्यावर स्वतंत्र कुळातील माणसाला केवळ जन्मामुळे वरचढ ठरवू नये, असे दुसरे प्रकरण मठाधिपतीला बजावते.

हे वाचताना विनयपिटकातील चुल्लवग्गाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद प्रभृती शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांचा नापित उपाली त्यांच्यासमवेत होता. आम्हा शाक्यांचा अभिमान मोठा आहे, म्हणून उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल, अशी विनंती त्यांनी स्वतःच तथागतांना केली आणि ती मान्य झाली. संघातील ज्येष्ठता जन्मावरून न ठरविता प्रवेशावरून ठरवावी, हे तत्त्व बेनेडिक्टच्या सुमारे हजार वर्षे आधी भारतात आचरणात आले होते. दोन परंपरांमध्ये येथे देवाणघेवाण झाली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु जन्मावर उभ्या असलेल्या दोन समाजांत दोन संघांनी एकाच रोगावर एकच उपाय योजावा, ही गोष्ट विचारप्रवर्तक आहे.

मागील दाराने आलेली प्रतिष्ठा

नियम लिहिला गेला म्हणून तो पाळला गेला, असे मात्र झाले नाही. मध्ययुगीन युरोपातील अनेक स्त्री-मठ उमराव घराण्यांच्या देणग्यांवर उभे राहिले आणि त्या घराण्यांच्या मुलींसाठीच राखले गेले. बिंगेनची हिल्डेगार्ड (१०९८–११७९) ही बेनेडिक्टाईन मठाध्यक्षा विदुषी, संगीतरचनाकार आणि औषधी वनस्पतींची जाणकार म्हणून प्रसिद्ध आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास आंडरनाख येथील तेंगस्विख या दुसऱ्या एका मठप्रमुख स्त्रीने तिला पत्र लिहून उघड प्रश्न केला. प्रभूने कोळी आणि दरिद्री माणसे शिष्य म्हणून निवडली असता तुमच्या मठात केवळ कुलीन व श्रीमंत मुलींनाच प्रवेश का, असा त्या पत्राचा आशय होता. हिल्डेगार्डने उत्तर दिले ते असे की श्रेणी ईश्वरानेच निर्माण केल्या आहेत, आणि शहाणा माणूस निरनिराळ्या जातींची जनावरे एकाच गोठ्यात कोंडत नाही.

या उत्तरापाशी आपल्या वाचकाने क्षणभर थांबावे. माणसामाणसांतील भेद पशूंच्या जातिभेदासारखा निसर्गसिद्ध मानावयाचा आणि त्याला ईश्वरी आज्ञेचा आधार द्यावयाचा, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. तो ऱ्हाईन नदीच्या काठी एका प्रतिभावान स्त्रीच्या लेखणीतूनही उतरतो, यावरून जन्मश्रेष्ठतेची मुळे किती खोल जातात हे कळते. २०१२ साली हिल्डेगार्डला चर्चने धर्माचार्येची पदवी दिली. प्रश्न विचारणाऱ्या तेंगस्विखचे नाव इतिहासाचे अभ्यासक तेवढे जाणतात.

जन्माच्या जोडीला पैसाही आला. मठात प्रवेश घेणाऱ्या मुलीबरोबर तिच्या घरून रक्कम घेण्याची रूढी इतकी फोफावली की १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेला तिचा निषेध करावा लागला. तरीही ती टिकली. पुढे इटलीतील शहरांत विवाहाचा हुंडा इतका वाढला की सरदार-सावकार एका मुलीचे लग्न करीत आणि उरलेल्या मुली मठात धाडीत, कारण मठाचा हुंडा पुष्कळ कमी असे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मुलीला बळजबरीने मठात धाडणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरविली आणि व्रतग्रहणापूर्वी बिशपने तिची इच्छा स्वतः तपासावी असा नियम केला. सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज आणि वर्षभराच्या उमेदवारीखेरीज व्रत देऊ नये, हेही तेव्हाच ठरले.

कागदावरील ही तपासणी किती पोकळ होती, हे व्हेनिसच्या आर्कांजेला ताराबोत्ती (१६०४–१६५२) हिने जगाला सांगितले. वडिलांच्या निर्णयामुळे ती किशोरवयातच सांत'आन्ना या बेनेडिक्टाईन मठात गेली आणि तेथेच तिचे आयुष्य सरले. औपचारिक शिक्षण नसताना तिने ग्रंथ लिहिले. पित्यांच्या जुलुमावर तिने लिहिलेला ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६५४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे चर्चने तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. इच्छेविना घेतलेले व्रत हे व्रतच नव्हे, आणि ज्या राज्याला स्वातंत्र्याचा अभिमान आहे तेच आपल्या कन्यांना कोंडते, ही तिची तक्रार होती. दारात थांबून विचार करण्याचा जो अवधी बेनेडिक्टने प्रत्येकाला दिला होता, तोच तिच्यापासून हिरावला गेला होता.

मठाच्या आतही दोन वर्ग पडले. कुलीन व हुंडा आणणाऱ्या स्त्रिया गायनभगिनी होत. त्या लॅटिन प्रार्थना म्हणत, सभेत मत देत. गरीब घरच्या स्त्रिया श्रमभगिनी होत. स्वयंपाक, धुणे, शेत आणि गोठा त्यांच्याकडे. त्यांचा वेश निराळा, मताधिकार नाही. श्रम हे सर्वांचे व्रत असावे असे सांगणाऱ्या नियमावलीच्या छायेतच श्रम एका वर्गाच्या वाट्याला आले. १९१७च्या चर्च-संहितेनेही भगिनी-मठांसाठी प्रवेशाचा हुंडा कायम ठेवला होता. अखेर दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५च्या आदेशात स्त्री-संस्थांमध्ये भगिनींचा एकच वर्ग असावा असे सांगितले, आणि १९८३च्या नव्या संहितेतून हुंड्याचे कलम गेले. नियमावलीतील समतेला व्यवहारात उतरण्यास चौदा शतके लागली.

आजची अभ्यागत

आजच्या काळातील पारख कशी असते, याचे एक सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील झुआर येथील पुरातन मठात राहणाऱ्या मदर बेनेडिक्ट डस या अमेरिकेत जन्मलेल्या डॉक्टर होत्या. १९४४ साली अमेरिकन सैन्याने ते गाव मुक्त केले. त्या उपकाराचे स्मरण म्हणून त्यांनी १९४७ साली कनेटिकट राज्यातील बेथलहेम या गावी रेजिना लाउडिस हा मठ स्थापिला. १९५८ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम करणारी तरुण अभिनेत्री डोलोरेस हार्ट विश्रांतीसाठी तेथे प्रथम गेली. ती पुन्हा पुन्हा जात राहिली. आपल्याला येथेच राहावयाचे आहे काय, असा प्रश्न तिने केला तेव्हा, तू अजून लहान आहेस, आपल्या कामाकडे परत जा, असे मठप्रमुखांनी सांगितले. नावाजलेली नटी आपल्या मठात यावी असा मोह तेथे दिसत नाही. १९६३ साली, ठरलेला विवाह मोडून, तिने प्रवेश घेतला. अंतिम व्रते १९७० साली घेतली. ३८ वर्षे मठात घालविल्यावर २००१ साली ती तेथील प्रायोरेस, म्हणजे मठाध्यक्षेनंतरची अधिकारी, झाली. दारातील प्रतीक्षा आणि आतील क्रम या दोन्ही गोष्टी येथे नियमावलीच्या मूळ हेतूला धरून आहेत.

२०१८ साली व्हॅटिकनने चिंतनशील भगिनी-मठांसाठी दिलेल्या सूचनांनुसार हा काळ आणखी लांबला आहे. प्रथम परिचयाचे किमान एक वर्ष, मग प्रवेशार्थी म्हणून एक वर्ष, दोन वर्षांची उमेदवारी आणि पाच वर्षांची तात्पुरती व्रते, अशी किमान नऊ वर्षे गेल्यावरच आजीवन व्रत घेता येते. बौद्ध परंपरेतही भिक्खुणी होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने सिक्खमाना म्हणून दोन वर्षे सहा शिक्षापदे पाळावीत असा नियम आहे. भेद आहे तो पुढे. बेनेडिक्टाईन व्रत आमरण आणि त्याच मठाशी बांधलेले असते. चीवर मात्र ज्याला पेलत नाही त्याने सन्मानाने उतरवावे, अशी मोकळीक विनयात कायम आहे.

आपल्यासाठी बोध

परकीय संघाचे दोष मोजून समाधान मानणे हा या लेखाचा हेतू नाही. वैशालीच्या महावनात कूटागारशाळेच्या दाराबाहेर महाप्रजापती गोतमी सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने उभी होती, हे आपलेच पिटक सांगते. आनंदाच्या विनंतीनंतर दार उघडले. दासीकुळातील पुण्णिका आणि गणिका आम्रपाली यांना थेरींच्या मालिकेत स्थान मिळाले. परंतु शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे, असा नियमही त्याच पिटकात नोंदलेला आहे. अनेक अभ्यासक तो उत्तरकालीन मानतात. तो केव्हाचाही असो, उपालीला लावलेले माप त्याने गोतमीला नाकारले, हे मान्य केले पाहिजे. दासांना आणि ऋणकोंना प्रव्रज्या देऊ नये, असे नियमही राजसत्तेच्या व धनिकांच्या दबावाची साक्ष देतात. थेरवाद परंपरेत खंडित झालेली भिक्खुणी-उपसंपदा १९९६ साली सारनाथ येथे आणि १९९८ साली बुद्धगया येथे पुन्हा दिली गेली, तीही मोठ्या विरोधाला तोंड देऊन.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, भिक्खू निर्माण करण्यामागे तथागतांचा हेतू परिपूर्ण मनुष्य घडविण्याचा होता की समाजसेवक घडविण्याचा, असा मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे. हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे. आपल्या विहारांत दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरासाठी केस उतरवून बसणाऱ्या प्रत्येक मुलाला, आणि उद्या तेथे येणाऱ्या प्रत्येक मुलीलाही, तो विचारला गेला पाहिजे. तिला उत्तर शोधण्यास पुरेसा अवधी मिळाला पाहिजे, आणि परत जाण्याची वाट खुली राहिली पाहिजे. तिचे कूळ, तिच्या वडिलांची देणगी आणि तिचे स्त्री असणे यांपैकी काहीही तिचा क्रम ठरविणार नाही, याची हमी संघाने दिली पाहिजे.

बेनेडिक्टने लिहिलेला नियम उत्तम होता. तरीही तेंगस्विखला पत्र लिहावे लागले आणि ताराबोत्तीला ग्रंथ लिहावा लागला. समतेचा नियम ग्रंथात सुरक्षित आहे म्हणून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येक संघाने हा इतिहास ध्यानी ठेवावा, आणि दारात उभ्या असलेल्या स्त्रीला त्या नियमाचा अनुभव येतो की नाही, हे वेळोवेळी स्वतः जाऊन पाहावे.