दिसतो डोळ्यात, राहतो दुसरीकडेच

वर्गातल्या एखाद्या मुलाचा डोळा लाल झाला की आपण लगेच म्हणतो, "डोळे आलेत, घरी जा." बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण कधी कधी एकच डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, सारखे पाणी येते. बरे वाटते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच डोळ्याला पुन्हा तोच त्रास. डोळ्यांचे डॉक्टर फ्लुओरेसीन या रंगद्रव्याचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा पारपटलावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, हिरवी चकाकणारी रेघ दिसते. तिला फांद्या फुटलेल्या असतात, पानगळ झालेल्या झाडासारख्या. हा हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा व्रण.

ताप उतरताना ओठाच्या कडेला पुटकुळ्या येतात आणि घरातली मोठी माणसे "ताप बाहेर पडला" म्हणतात, ते कामही बहुधा याच विषाणूचे. ओठावरच्या पुटकुळ्या आठवड्या-दोन आठवड्यांत जातात, मागे काही राहत नाही. पारपटलाचे तसे नाही. तिथे खोलवर व्रण झाला तर पांढुरका डाग उरतो. दोन-चार वेळा असे झाले की खिडकीची काच धुरकट व्हावी तशी नजर अधू होते. म्हणून प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही: दोन दुखण्यांच्या मधल्या काळात हा विषाणू असतो कुठे?

डोळा आणि ओठ यांचा संबंध उलगडला तो सशांमुळे. जर्मनीत ग्रूटर यांनी 1912 च्या सुमारास रुग्णाच्या पारपटलावरचा स्राव सशाच्या पारपटलावर लावला, आणि तिथे तसाच व्रण उमटला. पुढे त्यांनी सशाच्या डोळ्यातला स्राव एका अंध माणसाच्या डोळ्याला लावून पाहिला. असा प्रयोग करायला आज कोणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मध्ये पहिले महायुद्ध झाले. 1919 मध्ये लोवेनस्टाइन यांनी ओठावरच्या पुटकुळ्यांतील द्रवानेही सशाच्या डोळ्यात तोच व्रण होतो, हे दाखवले.

मग एक कोडे पुढे आले. 1930 मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यूज आणि कारमायकेल यांनी मोठ्या माणसांचे रक्त तपासले. ज्यांच्या रक्तात या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे होती, त्यांनाच पुन्हा पुन्हा पुटकुळ्या येत होत्या. ज्यांच्यात ती नव्हती त्यांना नाही. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. इथे नेमके उलटे! ऑस्ट्रेलियातील बर्नेट यांनी विल्यम्स यांच्यासह 1939 मध्ये याचा अर्थ लावला: लागण लहानपणी एकदाच होते, बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही, आणि त्यानंतर विषाणू जन्मभर अंगात राहतो. पुन्हा येणारे दुखणे बाहेरून येत नाही, आतूनच उठते.

आतून म्हणजे कुठून? याचा धागा एका शल्यविशारदाच्या हाती आधीच लागलेला होता. चेहऱ्याच्या कातडीची, ओठांची आणि डोळ्यांची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी चेता आहे. तिच्या तीन शाखा म्हणून तिला त्रिशाखी चेता म्हणू. या शाखा कवटीच्या आत, कानाच्या जरा पुढे, चेतापेशींच्या एका छोट्या गाठीत एकत्र येतात. ही तिची गुच्छिका. चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रोग्यांवर तिथे शस्त्रक्रिया करत. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते, की अशा शस्त्रक्रियेनंतर काही रोग्यांच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात. 1952 मध्ये कार्टन आणि किलबोर्न यांनी याचा पद्धतशीर पाठपुरावा केला. गुच्छिका आणि मेंदू यांमधला भाग कापला की थोड्याच दिवसांत त्याच बाजूला पुटकुळ्या येत. मात्र चेहऱ्याच्या ज्या भागाचा गुच्छिकेशी असलेला दुवा आधीच तुटलेला होता, तिथे त्या येत नसत. हे वर्गात कोडे म्हणून घालण्यासारखे आहे: तार इथे तोडली तर दिवा लागतो, तिथे तोडलेली असली तर लागत नाही, मग बटण कुठे आहे?

दरम्यान गुडपाश्चर आणि टीग या अमेरिकन संशोधकांनी 1923 मध्ये सशांवरच दाखवले होते, की हा विषाणू रक्तातून नव्हे, तर चेतातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. 1929 मध्ये गुडपाश्चर यांनी सुचवले, की तो गुच्छिकेतच दडून राहत असावा. (हर्पिस हा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आहे. आपला 'सर्प' त्याचाच भाऊबंद. आणि याच कुळातल्या कांजिण्यांच्या विषाणूने उतारवयात उठणाऱ्या दुखण्याला मराठीने नाव दिले 'नागीण'! तोही गुच्छिकांतच दडतो, आणि कपाळावर उठला तर डोळ्यालाही धोका असतो.)

तर्क चांगला होता, पण पुरावा मिळेना. बरे झालेल्या प्राण्यांच्या गुच्छिका काढायच्या, वाटायच्या आणि त्यात विषाणू शोधायचा, ही रूढ रीत. हाती काहीच लागत नसे. सुमारे चाळीस वर्षे गुडपाश्चर यांची कल्पना तशीच राहिली. आम्हाला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, कारण चूक तर्कात नव्हती, शोधण्याच्या रीतीत होती.

1971 मध्ये कॅलिफोर्नियात स्टीव्हन्स आणि कुक यांनी उंदरांच्या तळपायाला लागण केली. जगलेल्या उंदरांच्या कण्याजवळच्या गुच्छिका काही काळाने काढल्या. काही वाटल्या, त्यांत विषाणू मिळाला नाही. काही मात्र न वाटता, पोषक द्रवात जिवंत ठेवल्या. काही दिवसांनी त्यांतून विषाणू बाहेर पडू लागला! म्हणजे गुच्छिकेत तयार विषाणूकण नव्हतेच. होती ती फक्त त्यांची जनुकीय संहिता. तिच्यापासून विषाणू घडवायला जिवंत पेशी लागते, आणि वाटताना नेमकी तीच मरत होती. लगेच 1972 मध्ये डोळ्याची लागण झालेल्या सशांच्या त्रिशाखी गुच्छिकेतून, आणि त्याच सुमारास मृत माणसांच्या गुच्छिकेतूनही याच रीतीने विषाणू मिळाला.

आता चित्र बरेच स्पष्ट आहे. पारपटलात भरपूर चेतातंतू असतात. म्हणून तर डोळ्यात धुळीचा एक कण गेला तरी आपण कळवळतो. विषाणू त्या तंतूंच्या टोकांतून आत शिरतो आणि पेशीच्या स्वतःच्या मालवाहू यंत्रणेवर बसून गुच्छिकेपर्यंत जातो. तिथे त्याचा डीएनए चेतापेशीच्या केंद्रकात वेटोळे करून पडतो. त्याची जवळजवळ सगळी जनुके मिटलेली असतात. 1987 मध्ये आढळले, की एका ठिकाणाहून मात्र आरएनए ठळकपणे तयार होत राहतो. प्रथिनेच तयार होत नसली तर प्रतिकारशक्तीने ओळखायचे कशाला? ताप, शस्त्रक्रिया, चेतेला झालेली इजा अशा निमित्ताने कधीतरी जनुके उघडतात आणि नवे कण त्याच तंतूंवरून खाली डोळ्यात उतरतात.

औषधांची मर्यादाही यातूनच कळते. 1962 मध्ये कॉफमन यांनी या व्रणावर आयडॉक्सयुरिडिन वापरले. विषाणूवर खरोखर चाललेले ते पहिलेच औषध म्हणता येईल. पुढे असायक्लोव्हिर आले. ते विषाणूच्याच एका विकराकडून कार्यक्षम होते, म्हणून निरोगी पेशींना फारसे बाधत नाही. पण झोपलेला विषाणू ते विकर बनवतच नाही, त्यामुळे गुच्छिकेतला साठा शाबूत राहतो. अमेरिकेत 703 रुग्णांवर झालेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज गोळ्या घेणाऱ्यांपैकी 19 टक्के लोकांचे डोळ्याचे दुखणे उलटले, खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी 32 टक्के लोकांचे. दुखणे कमी झाले, संपले नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. 1950 च्या दशकात स्टेरॉइडचे थेंब आले. लाली झटक्यात ओसरे, पण व्रण मात्र पसरत जाई, कारण स्टेरॉइडने प्रतिकारशक्तीलाच लगाम बसतो. आजही डॉक्टरांना न दाखवता दुकानातून आणलेले, शेजाऱ्याचे उरलेले थेंब मुलांच्या डोळ्यात पडतात. त्यांत स्टेरॉइड आहे की नाही हे घरात कोणी वाचलेलेही नसते.

राहता राहिला दुखणे पुन्हा का उठते हा प्रश्न. रुग्ण हमखास सांगतात, "फार ताण होता त्या आठवड्यात." याच संशोधकगटाने 308 रुग्णांना दर आठवड्याला ताण, ऊन वगैरेंची नोंद ठेवायला लावली. 2000 मध्ये निष्कर्ष आला: वेळच्या वेळी भरलेल्या नोंदींत ताणाचा संबंध दिसला नाही. ज्यांनी नोंद उशिरा, डोळा दुखू लागल्यावर भरली, त्यांच्या वहीत मात्र ताण जास्त होता.