रंगरुटाचे आईबाप

पलटणींचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांत लढाया आहेत, पदके आहेत, सेनानींची चित्रे आहेत. परंतु ज्यांनी आपले पोरगे पलटणीच्या हवाली केले त्या आईबापांविषयी चार ओळीही शोधून सापडत नाहीत. बेळगावसारख्या छावणीच्या गावात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना ही उणीव जरा अधिकच जाणवते.

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, म्हणजे 'जंगी', पलटण १७६८ सालची. पहिल्या महायुद्धानंतर फौजेची फेररचना झाली, तेव्हा ११४ वी मराठा पलटण ही नव्या रेजिमेंटची शिक्षण-पलटण ठरली आणि १९२२ पासून तिचे बिऱ्हाड बेळगावात आले. याच पलटणीने १९१८ च्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियातील शरकत येथे पराक्रम गाजविला होता. येथील केंद्रातले युद्धस्मारक त्याच नावाने ओळखले जाते. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरे या गावात रंगरूट म्हणून उतरतात आणि जवान होऊन बाहेर पडतात. या दोन अवस्थांमधला उंबरठा म्हणजे कसम परेड.

या शपथेचे कायद्यातले रूप पाहण्यासारखे आहे. १९५० च्या सेना अधिनियमातील १७ व्या कलमानुसार, रंगरूट कामास लायक ठरला अथवा त्याची उमेदवारी संपली, म्हणजे त्याच्या पलटणीसमोर त्याला शपथ द्यावयाची असते. राज्यघटनेशी इमान राखीन, जमिनीवरून, समुद्रातून वा आकाशातून जेथे धाडाल तेथे जाईन आणि जिवाचा धोका असला तरी हुकूम पाळीन, असा तिचा आशय आहे. सरकारी नोकरीत शिरताना आम्हीही शपथ घेतली होती. तीत जिवाचा उल्लेख नव्हता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कायद्याला साक्षीला पलटण पुरते. आईबाप तेथे असावेत असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

ब्रिटिश अमदानीत तर शपथ बादशहाच्या नावाने होई आणि बाप त्या वेळी शेतात असे. रजेवर आलेला गावचाच एखादा हवालदार दोनचार पोरे बरोबर घेऊन जाई. पुढे घरी कळे ते पत्रातून आणि मनिऑर्डरीतून. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. कोरडवाहू शेतावर पोट भरणाऱ्या घरात या रकमेचे मोल काय असेल, हे सांगावयास नको. तेव्हा बापाचा अभिमान आणि सावकाराचे फिटत आलेले देणे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि काढू नयेत असे आमचे मत आहे. भुकेपोटी भरती झालेल्यांना 'भाडोत्री' म्हणणारे विद्वान आम्ही ऐकले आहेत. त्यांनी एकदा सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावी जाऊन यावे. त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या आईबापांनी पोराला गणवेशात किती वेळा पाहिले असेल?

हा अभिमान बाळगण्याची मुभाही सर्वांना सारखी नव्हती. रामजी सकपाळ हे सुभेदार. त्यांचे वडील मालोजी हेही फौजेत होते. महूच्या छावणीत १८९१ साली रामजींना जो पुत्र झाला, तो पुढे बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला ठाऊक झाला. पण त्या बालकाचे वय वर्षदोन वर्षांचे असेल नसेल, तोच १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेल्या घरांतल्या बापाला 'माझा पोर शिपाई झाला' असे म्हणण्याची सोय उरली नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध विनंतीपत्र सिद्ध केले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे अर्ज केला. १९१७ साली युद्धाच्या निकडीने १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. माणसे हवी तेव्हा घ्यावी आणि गरज सरली की वाटेला लावावी, हा व्यवहार सरकारदरबारी आम्हीही पाहिला आहे. पण इतक्या उघड रीतीने क्वचितच. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती आमच्या बेळगावातच. पन्नास वर्षांच्या खंडानंतर त्या घरांना तो दिवस परत मिळाला. गावातल्या किती लोकांना हे माहीत आहे, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.

स्वराज्यात चित्र पालटले. कसम परेडीला आता घरच्यांना बोलावतात आणि सेनेच्या अनेक केंद्रांत आईबापांना 'गौरव पदक' देण्याची प्रथा पडली आहे. त्या दिवशी आंबोलीचा घाट उतरून-चढून आलेली, निपाणीच्या वाटेने आलेली मंडळी कॅम्पातल्या रस्त्यांवर दिसतात. डोकीवर पदर घेतलेली आई, इस्त्रीची घडी न मोडलेला सदरा घातलेला बाप. केस एकसारखे कापलेल्या, एकाच ठेक्यात पाय टाकणाऱ्या शेदीडशे पोरांत आपला कोणता, हे त्यांना बहुधा उमगत नाही. संचलन मोडल्यावर पोरगाच त्यांना शोधत येतो.

आईबापांचे तेथे असणे किती अंगवळणी पडले होते, ते महामारीने दाखवून दिले. १३ जून २०२० रोजी देहराडूनच्या अकादमीतील संचलन आईवडिलांविना झाले. नव्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर तारे लावण्याचा मान घरच्यांचा. तो त्या दिवशी अकादमीतल्याच मंडळींनी पार पाडला. ८ मे २०२१ रोजी बंगळूरला लष्करी पोलीस दलातील ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीही अशाच सावटाखाली. मुलीच्या नावाने शिपाईगिरीचा अभिमान मिरविण्याची बापाला मिळालेली ती पहिलीच संधी होती.

त्यानंतर २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, पेन्शन नाही आणि त्यांतील २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम, अशा तिच्या अटी. बेळगावातही अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीने २०२३ साली कसम घेतली. ज्या घरात आजाची आणि बापाची पेन्शन आली, त्या घरातल्या बापाने छातीवर पदक लावून घेताना मनात कोणता हिशेब केला असेल, ते परक्याने सांगू नये. भरतीची किमान वयोमर्यादा साडेसतरा वर्षे आहे. अठराच्या आतील मुलाच्या भरतीपत्रावर आईबापाची अथवा पालकाची सही लागेल, असे या योजनेच्या अटींत नमूद आहे. १७ व्या कलमात ज्यांचा उल्लेख नव्हता, त्यांचे नाव असे कागदावर आले.