गीताई

गीताई : भगवद्गीतेचे विनोबा भावे यांनी केलेले समश्लोकी मराठी रूपांतर. आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नसे. सोप्या मराठीत ती तूच का करीत नाहीस, असे त्यांनी विनोबांना विचारले होते. त्यांच्या निधनानंतर (१९१८) बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यात रचनेला आरंभ झाला. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मूळ सातशे श्लोकांना तितकेच मराठी श्लोक आहेत. बहुतेक श्लोकांत आठ अक्षरांचा चरण राखला आहे. अकराव्या अध्यायात मुळाप्रमाणेच लांब चरण येतात. शब्द साधे, जोडाक्षरे कमी आणि यती ठळक असल्याने अनेक कंठांना एका लयीत, वाद्यांशिवाय ती म्हणता येते. हा गुण पांडित्यापेक्षा मोलाचा. दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे सायंप्रार्थनेत सामुदायिकपणे म्हणण्याचा प्रघात आहे. अर्थ कळण्यासाठी वेगळ्या टीकेची गरज फारशी पडत नाही, हेही तिच्या प्रसाराचे कारण होय.

वर्ध्याजवळ गोपुरी येथे शिलांवर अठराही अध्याय कोरलेले गीताई मंदिर असून ते १९८० मध्ये खुले झाले. त्यात मूर्ती नाही.