गालाआडची औषधी चकती

तोंडाच्या अस्तरातून औषध देण्याचा आधुनिक इतिहास नायट्रोग्लिसरीनपासून सांगावा लागतो. 1847 मध्ये तुरिनच्या आस्कानिओ सोब्रेरो यांनी हे स्फोटक द्रव्य तयार केले आणि, त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या अघोरी रिवाजाप्रमाणे, चाखूनही पाहिले; डोके भयंकर दुखले. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी तेच द्रव्य अगदी सौम्य करून हृदयशूळावर गुणकारी असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. गिळल्यास यकृत ते बहुतांशी निकामी करते; जिभेखालून मात्र ते थेट रक्तात उतरते.

अडचण लाळेची. विरघळलेले बरेचसे औषध तिच्याबरोबर पोटात जाते. उपाय निघाला शीतशुष्कीकरणातून: पदार्थ गोठवायचा आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव टिकवण्यासाठी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. 1980 च्या दशकात याच तंत्राने जिलेटिन व मॅनिटॉलची ‘झायडिस’ चकती आली. पण ती क्षणात विरघळे, चिकटून राहत नसे. चिकटपणासाठी संशोधक समुद्रशेवाळातील अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचे कायटोसान अशा पॉलिमरांकडे वळले. अशा पॉलिमरांची चकती याच तंत्राने सुकवली की बर्फाच्या जागी उरलेली छिद्रे लाळ शोषतात, चकतीचा जेल होतो आणि गालाला चिकटून औषध सावकाश सोडतो. सावकाश गोठवल्यास स्फटिक मोठे होतात, छिद्रेही मोठी राहतात आणि चकती लवकर भिजते.