पेंडेट: देवांचं स्वागत, पाहुण्यांचं स्वागत

बालीच्या रील्समध्ये हे तुम्ही पाहिलं असेलच. सोनेरी नक्षीच्या कापडात घट्ट गुंडाळलेल्या मुली, हातात फुलांचं भांडं, सर्रकन फिरणारे डोळे आणि शेवटी समोरच्यांवर उधळलेली फुलं. हे पेंडेट. आजची गोष्ट याच नाचाची, आणि एका भांडणाची.

मूळ पेंडेट देवळातलं. बालीतल्या बऱ्याच देवळांचा उत्सव दर 210 दिवसांनी येतो. त्याला ओदालान म्हणतात. त्या दिवसांत देव खाली उतरून देवळात मुक्कामाला येतात, अशी श्रद्धा. मग घरी पाहुणे आल्यावर आपण करतो तेच: स्वागत. गावातल्या बायका-मुली नैवेद्य, फुलं घेऊन आतल्या अंगणात नाचतात. यासाठी क्लास वगैरे नसतो. मोठ्या बायका पुढे, लहान मुली मागे, बघत बघत शिकायचं. एखादीचं पाऊल चुकलं तरी कुणाचं काही अडत नाही.

1950च्या सुमारास इ वायान रिंडी या नर्तकाने यातून रंगमंचासाठी नाच बसवला. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांसाठी इ वायान बेराथा यांनी शेकडो मुलींना घेऊन पेंडेट सादर केलं. पुढे 1969 मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी खुला झाला, टुरिस्ट वाढले आणि पेंडेट त्यांच्या स्वागताला उभं राहिलं. इथे ठिणगी पडली. देवासाठी उधळायची फुलं टुरिस्टवर कशी काय?

1971 मध्ये देनपसारला यावर परिषदच भरली. कुठला नाच पवित्र, कुठला नुसता करमणुकीचा, हे ठरवायला. गंमत बघा, हा फरक सांगणारे शब्दच बाली भाषेत नव्हते! 'साक्राल' आणि 'प्रोफान' हे युरोपातून आलेले शब्द वापरावे लागले. शेवटी तीन गट केले, देवळाच्या तीन अंगणांसारखे: आतल्या अंगणातला 'वाली', मधल्यातला 'बेबाली' आणि बाहेरचा, फक्त बघण्यासाठीचा, 'बालिह-बालिहान'. 2015 मध्ये युनेस्कोने बालीचे नाच यादीत घेतले, तेही याच तीन गटांत.

पेंडेटवर तोडगाही निघाला. बेराथा यांनीच त्याच काळात 'पान्येम्ब्रामा' नावाचा नवा नाच बसवला. दिसायला पेंडेटसारखाच, पण फक्त पाहुण्यांसाठी. म्हणजे देवाचं देवाला, टुरिस्टचं टुरिस्टला. प्रश्न मिटला ना?

नाही मिटला. नाच शिकलेल्या मुलींना पान्येम्ब्रामा आवडला आणि त्या तो देवळाच्या उत्सवातही करायला लागल्या. टुरिस्टसाठी बनवलेला नाच थेट देवापुढे! मला विचाराल तर यात त्या मुलींचं काहीच चुकलं नाही. आपल्याला येणारी सगळ्यात सुंदर गोष्ट देवापुढे ठेवायची, एवढाच त्यांचा हिशोब. परिषदेने आखलेली रेघ त्या नाचत नाचत ओलांडून गेल्या.