१६ गुण, १२० रेषा

इ. स. १२८७ च्या सुमारास मायोर्का बेटावरचा, पन्नाशी उलटलेला एक मनुष्य पॅरिसला आला. त्याच्यापाशी एक वर्तुळ होते. परिघावर १६ अक्षरे, प्रत्येक अक्षर म्हणजे ईश्वराचा एक गुण, आणि प्रत्येक गुणापासून उरलेल्या प्रत्येक गुणाकडे ओढलेली एक रेषा. अशा एकंदर १२० रेषा होत्या. पॅरिसच्या विद्वानांना हे वर्तुळ काही केल्या उमगेना. त्या मनुष्याचे नाव रामोन ल्युल.

आज वृत्तपत्रांत आणि शोधनिबंधांत ‘कॉर्ड डायग्राम’ नावाची आकृती वारंवार दिसते. वर्तुळाच्या कडेवर देश, पक्ष किंवा जाती यांसारखे गट मांडायचे आणि त्यांच्यातील संबंध पट्ट्यांनी जोडून दाखवायचे. भूमितीत वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाला जीवा म्हणतात; आकृतीचे नाव त्यावरूनच आले. ल्युलचे वर्तुळ हा तिचा थेट पूर्वज ठरत नाही, परंतु या आकृतीच्या साऱ्या अडचणी त्याच्यासमोर आधीच येऊन उभ्या राहिल्या होत्या.

अरॅगॉनचा राजा पहिला जेम्स याने १२२९ मध्ये मायोर्का मुसलमान सत्तेकडून जिंकले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ल्युलचा जन्म झाला. ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी असे तिन्ही समाज त्या बेटावर राहत होते, पण बरोबरीच्या नात्याने नव्हे. ल्युल अरबी शिकला तो विकत घेतलेल्या एका मुसलमान गुलामाकडून. ही शिकवणी सुमारे नऊ वर्षे चालली. एके दिवशी धर्मावरून ठिणगी पडली, ल्युलने त्याला मारले, त्याने पुढे ल्युलवर शस्त्र चालवले आणि अखेर कोठडीत गळफास घेतला. ल्युलच्याच सांगण्यावरून १३११ साली लिहिल्या गेलेल्या चरित्रात ही हकिकत आहे.

वर्तुळ जन्माला आले ते या पार्श्वभूमीवर. ग्रंथांची प्रमाणे देऊन वाद मिटत नाहीत, कारण प्रत्येकाचा ग्रंथ निराळा. म्हणून ल्युलने तिन्ही धर्मांना मान्य असलेली पदे निवडली: चांगुलपणा, महत्ता, शाश्वतता, सामर्थ्य, प्रज्ञा आणि अशीच इतर. मग एकेक जोडी घ्यायची आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारायचा. चांगुलपणा महान आहे काय? महत्ता चांगली आहे काय? कोणतीही जोडी सुटता कामा नये, यासाठी ती आकृती. विलक्षण कल्पना होती ती.

परंतु १२० रेषांचे जाळे डोळ्यांत मावत नाही. पॅरिसच्या अनुभवानंतर ल्युलने मानवी बुद्धीच्या दुर्बलतेचे कारण देऊन १६ गुणांचे ९ केले. रेषा ३६ वर आल्या. शिवाय त्याच ३६ जोड्या त्याने घरे पाडलेल्या त्रिकोणी कोष्टकातही मांडल्या. कॉर्ड डायग्राम आणि तिच्यामागचे कोष्टक, ही जोडगोळी तेव्हापासूनची आहे. गट वाढले की रेषा किती भराभर वाढतात, हे आजही आकृती काढणारे विसरतात.

१३०७ साली ल्युल उत्तर आफ्रिकेतल्या बुजी या बंदरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातील बेजायात, वाद करायला गेला. पदांवर मतभेद होण्याचे कारणच नव्हते. ईश्वर चांगला आहे, महान आहे, हे काझीलाही मान्यच होते. मात्र त्या रेषांवरून चालत ल्युल ख्रिस्ती त्रैक्यापाशी पोहोचत असे आणि समोरचा तेथे पोहोचत नसे. सुमारे सहा महिने बंदिवास घडला, मग हद्दपारी. परतताना पिसाजवळ जहाज फुटले, पुस्तके बुडाली. १३०८ च्या आरंभी पिसातच बसून त्याने आपल्या पद्धतीचे छोटे पुस्तक लिहिले.

ल्युलच्या रेषांना जाडी नव्हती. दोन पदांमध्ये संबंध संभवतो एवढेच त्या सांगत. तो किती, याविषयी त्या मुक्या होत्या. जाडी आली एकोणिसाव्या शतकात, तीही नकाशांवर. हेन्री हार्नेसने १८३० च्या दशकात आयर्लंडमधील प्रवाशांची संख्या पट्ट्यांच्या रुंदीने दाखवली. फ्रान्सच्या शार्ल मिनारने १८५८ सालच्या जागतिक स्थलांतराचा नकाशा काढला. हिंदुस्थानातून मळ्यांवर नेलेले मजूरही त्यात आहेत. करारात अडकलेला मजूर आणि स्वखुशीने निघालेला शेतकरी, दोघांच्याही पट्ट्या एकाच मापाने रुंदावतात.

वर्तुळ आणि जाडी यांचा मेळ आपल्या काळात प्रसिद्धीस आला. २००९ मध्ये व्हँकुव्हरच्या मार्टिन क्रिझविन्स्की आणि सहकाऱ्यांनी जनुकसंचांची तुलना करण्यासाठी ‘सर्कोस’ ही प्रणाली मांडली. २०१४ मध्ये गाय एबल आणि निकोला सँडर यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात १९६ देशांमधील स्थलांतर अशाच वर्तुळांतून दाखवले. दर पाच वर्षांत जगातील सुमारे ०.६ टक्के लोकच देश बदलतात, हा त्यांचा निष्कर्ष ‘माणसांचे लोंढे’ या भाषेला चांगलाच छेद देणारा होता.

तरीही त्या पट्ट्या म्हणजे सीमेवर मोजलेली माणसे नव्हेत. कोणत्या देशात जन्मलेले किती लोक आज कोणत्या देशात राहतात, अशा संयुक्त राष्ट्रांच्या कोष्टकांची दर पाच वर्षांनी तुलना करून, तो फरक पडायला कमीत कमी किती हालचाल झाली असावी याचा तो अंदाज आहे. रत्नागिरीतून १९९६ मध्ये आखातात गेलेला आणि १९९९ मध्ये परतलेला मजूर १९९५ आणि २००० या दोन्ही वेळी घरीच असतो. त्याच्यासाठी त्या वर्तुळात पट्टी नाही.